‘बनगरवाडी’चा शेवट जलरंगात: क्षितिज, धूळ आणि मेंढरं कशी बसवावीत?

कृष्णाकाठ (सांगली)

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) शेवटाकडचा प्रसंग जलरंगात करायचा आहे. दुष्काळ पडलाय, वाडीतली माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात आणि मागं घरं उरतात. पाव शीट, म्हणजे ११ बाय १५ इंच, आडवं. कागद ३०० जीएसएम (जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत). रंग ट्यूबमधले.

अडलंय ते तीन ठिकाणी. क्षितिज वर ठेवावं की खाली? कळपाची धूळ जलरंगात कशी दाखवतात, कारण पांढरा रंग वापरायचा नाही असं ठरवलंय. आणि मेंढरं: लांबून बघितली तर कापसाचे बोळे वाटू नयेत.

माझं मत असं की माणसांचे चेहरे अजिबात नकोत. पुढच्या बाजूला भेगाळलेली जमीन मोठी घ्यावी, मागं घरांची रांग आणि मध्ये कळप. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

माणगंगा (आटपाडी)

चेहरे नकोत हे पटलं. भेगाळलेली जमीन मात्र काढा बाहेर. दुष्काळ म्हटलं की चौकोनी-षटकोनी भेगा रंगवायच्या ही कॅलेंडरची सवय आहे. तशा भेगा पडतात त्या काळ्या चिकण मातीला, नाहीतर आटलेल्या तळ्याच्या गाळाला. ओली असताना ती माती फुगते, वाळली की आकसते, म्हणून फाटते. कादंबरीतल्या माणदेशाचा माळ मुरमाड. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. तो फुगतच नाही, तर भेगाळणार कुठून? तिथला दुष्काळ दिसतो तो खरवडलेल्या जमिनीत: बारीक खडे वर आलेले, गवताचे ठोंब मुळापर्यंत खाल्लेले, मेंढरांच्या पायवाटांच्या फिकट रेघा एकमेकींना छेदत गेलेल्या.

झाडं पण बघून घ्या. बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब, तरवड. बाभळीचा माथा पसरट आणि विरळ, आरपार आकाश दिसतं. दुष्काळात धनगर शेळ्या-मेंढरांसाठी डहाळ्या तोडतात, त्यामुळं झाड वर झुपकेदार आणि खाली छाटलेल्या फांद्यांचे खुंट असं दिसतं. एवढं एक झाड नीट उतरलं तर भेगांची गरजच पडत नाही.

अजिंक्यतारा

भेगांबद्दल +१००. प्रत्येक शालेय चित्रकला स्पर्धेत ‘दुष्काळ’ विषयाला एकच चित्र पन्नास वेळा येतं: भेगा, वाळकं झाड आणि कपाळाला हात लावलेला शेतकरी.

हळदपेठ

एक व्यावहारिक सूचना. संदर्भासाठी आज आटपाडी-खानापूरकडं जाऊन फोटो काढणार असाल तर जपून. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी तिकडं पोचलंय, डाळिंबाच्या बागा आहेत, शेततळी आहेत. ढालगावच्या पठाराकडून घेतलेल्या फोटोत मागं पवनचक्क्या येणार. विजेचे खांब, सिमेंटच्या टाक्या, पत्र्याची छपरं, हे सगळं कादंबरीच्या काळानंतरचं. कादंबरीतला मुलूख औंध संस्थानातला, स्वातंत्र्याच्या आधीचा. फोटोतून जमिनीचा उतार, डोंगररेघ आणि प्रकाश एवढंच उचला.

घरांचंही तेच. त्या भागातली जुनी घरं धाब्याची: दगड-मातीच्या भिंती, वर सपाट मातीचं छप्पर, म्हणजे माळवद. पाऊसच कमी, उतरत्या छपराचं काम काय? लाल कौलं हवी असतील तर चित्र वाई-महाबळेश्वरकडचं होईल. भिंतीला पांढरीच्या (गावठाणातल्या फिकट) मातीचा रंग येतो, तो यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घालून खूप पाणी केलं की मिळतो. सपाट माथ्यामुळं घरांची रांग क्षितिजावर ठेंगणी, आडवी बसते. चित्राला ते फार सोयीचं आहे.

कुंचला (वाई)

क्षितिजाचं आधी सोडवू, कारण ते चुकलं की रंग कितीही चांगला लागला तरी कळप हवेत तरंगतो.

क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची पातळी. सपाट माळावर उभं राहून बघताय असं धरा. डोळ्याची उंची साधारण पाच फूट. मग त्या माळावर उभी असलेली सगळी मोठी माणसं, वीस फुटांवरची असोत की दोनशे, त्यांची डोकी क्षितिजरेषेलाच येतात. बदलते ती पायांची जागा. जवळच्याचे पाय कागदावर खाली, लांबच्याचे वर. लांबचा माणूस लहान करायचा म्हणून त्याचं डोकंही खाली ओढलं की तो खड्ड्यात उभा दिसतो. नव्वद टक्के चित्रांत घोळ होतो तो इथंच.

आता मेंढरू. पाठ साधारण दोन फुटांवर. डोळा पाच फुटांवर. म्हणजे मेंढराचे खूर जिथं टेकवाल तिथून क्षितिजापर्यंतच्या उभ्या अंतराचे पाच भाग करा आणि दोन भागांवर पाठ घ्या. सामानाच्या तट्टाची पाठ चार फूट धरली तर चार भागांवर. उदाहरण देतो: क्षितिज कागदाच्या तळापासून ७ इंचांवर आहे. खूर तळापासून २ इंचांवर टेकवले, क्षितिजापर्यंत उरले ५ इंच, मेंढरू २ इंच उंच. खूर ५ इंचांवर टेकवले, उरले २ इंच, मेंढरू पाऊण इंचाहून किंचित जास्त. पेन्सिलीनं चार-पाच ठिकाणी असे माप घेऊन टिंब ठेवा, बाकीचा कळप त्या टिंबांमध्ये आपोआप बसतो.

डोळ्याची पातळी बदलली की हे सगळं बदलतं. पंधरा फूट उंच टेकाडावर उभे राहिलात तर डोळा वीस फुटांवर गेला. मग माणूस पायापासून क्षितिजापर्यंतच्या अंतराचा पाव भाग आणि मेंढरू एक दशांश. माणसं क्षितिजाच्या खूप खाली जातात आणि कळपाचा पूर्ण आकार वरून उलगडतो.

रानवारा

हे एक दशांशाचं गणित कुठल्याही पुस्तकात इतकं सोपं करून दिलेलं नाही. वाचनखूण साठवली.

मेंढका (जत)

मेंढरांबद्दल लिहितो. कापसाचे बोळे होतात कारण डोक्यात विलायती मेंढरू असतं: पांढरं, गुबगुबीत, काळ्या तोंडाचं. आपल्याकडचं दख्खनी मेंढरू बहुतेक काळं किंवा काळं-करडं असतं. काहींच्या कपाळावर पांढरा टिळा. लोकर राठ आणि आखूड, पाय बारीक आणि उघडे, पोट पायांच्या मानानं मोठं, कान लोंबते. त्याच काळ्या लोकरीची घोंगडी होते. आमच्या जत तालुक्यातलं माडग्याळ मेंढरू वेगळं: उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं, नाकाचा कणा बाकदार. एखाददुसरं माडग्याळ काळ्या कळपात ठेवलंत तर नजर तिथं थांबेल, पण सगळा कळप पांढरा करू नका.

दुष्काळातलं जनावर आहे हे विसरू नका. माकडहाड वर येतं, पाठीची रेघ सरळ न राहता खांदा आणि पुठ्ठा असे दोन उंचवटे दिसतात, मध्ये खोलगट. मान खाली. चालणारा कळप मान खाली घालूनच चालतो, पुढच्याच्या सावलीत आपलं डोकं घालतो. त्यामुळं डोकी मोजायला सापडत नाहीत, पाठींची एक ओबडधोबड चादर दिसते आणि काठावर चार-दोन डोकी, कान, पाय. तेवढेच काढा.

बिऱ्हाडाचं सामान तट्टांवर असतं. वाघर गुंडाळून वर टाकलेली, भांडी, घोंगड्या, लहान कोकरं बुट्टीत. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ती चित्रात नुसती एक गडद वळकटी म्हणून आली तरी माहितगार माणूस ओळखतो.

काव आणि नीळ (सातारा)

मेंढका यांच्या काळ्या मेंढरांना पूर्ण पाठिंबा, आणि जलरंगाच्या दृष्टीनं तर ही लॉटरीच आहे. पांढरं मेंढरू रंगवायचं तर कागद राखत बसावं लागतं. काळं मेंढरू फिकट धुळीवर सरळ शेवटी टाकता येतं. कृष्णाकाठ यांनी पांढरा न वापरायचं ठरवलंय, ते निम्मं इथंच जमलं.

काळा मात्र ट्यूबमधला घेऊ नका. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट अंबर, दोन्ही ट्यूबमधून वाटाण्याएवढे, पाणी अगदी थोडं. उन्हानं काळ्या लोकरीचं टोक तपकिरी पडतं, म्हणून प्रकाशाच्या बाजूला अंबर जास्त, सावलीत अल्ट्रामरीन जास्त. मिश्रण पॅलेटवर पूर्ण ढवळू नका, अर्धवट मिसळलेलं उचला आणि कागदावर मिसळू द्या. प्रत्येक पाठ थोडी वेगळी होते ती आपोआप.

धुळीबद्दल: धूळ वेगळी रंगवायची नाही, कडा हरवायची. क्रम असा ठेवा.

कागद बोर्डावर चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, बोर्डाच्या वरच्या काठाखाली एखादं जाड पुस्तक, जेणेकरून दहा-पंधरा अंशांचा उतार मिळेल. पूर्ण कागद स्वच्छ पाण्यानं ओला करा. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, रॉ सिएन्नाचा (पिवळसर तपकिरी): दोन मोठे चमचे पाण्यात वाटाण्याएवढा रंग, त्यात बर्न्ट सिएन्ना (तांबूस तपकिरी) ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच. क्षितिजाच्या वर थोडा आणि खाली जमिनीवर सगळीकडं. वरच्या आकाशात अजून ओलं असतानाच फिकट कोबाल्ट निळा. हा वॉश तुम्हाला वाटतो त्यापेक्षा गडद लावा, जलरंग वाळला की एक पायरी उतरतो.

पूर्ण वाळू द्या. मग ज्या पट्ट्यात कळप आहे तेवढीच जागा पुन्हा पाण्यानं हलकी ओली करा. कागदाची चकाकी मावळत आली, पण हाताला अजून गार लागतोय, तो क्षण. आता पाठी टाका, वरून खाली. पोटापर्यंत आलात की थांबा. दुसऱ्या हातात एक इंची फ्लॅट ब्रश, धुऊन, फडक्यावर टिपून फक्त दमट ठेवलेला. तो पोटाखालून आडवा ओढा. काळा रंग खाली झिरपतो आणि विरत जातो. पाय दिसतच नाहीत, धूळ दिसते. कळपाच्या शेवटच्या जनावरांचे पाय पूर्ण गायब, कारण धूळ मागं जमते. सगळ्यात पुढच्या चार-पाच मेंढरांचे पाय वाळल्यावर रिगर ब्रशनं (लांब, बारीक केसांच्या) सुटे काढा. पुढं स्पष्ट आणि मागं विरलेलं, एवढ्यानं कळप चालायला लागतो.

एक पथ्य: नंतर येणारा ब्रश नेहमी कागदापेक्षा कोरडा असला पाहिजे. तो जास्त ओला असेल तर पाणी आधीच्या रंगाला ढकलतं आणि कोबीच्या फुलासारखी कडा उठते. ती पुसत बसलात की आणखी वाढते. पूर्ण वाळू द्या, मग दमट ब्रशनं तेवढीच कडा मऊ करा.

हळदपेठ

‘धूळ मागं जमते’ हे लिहिलंत ते बरं केलंत. पुष्कळ जण कळपाच्या पुढं धूळ काढतात.

रेघोट्या

मला पांढरा रंग न वापरण्याचा हा सोवळेपणा कळत नाही. सूर्याकडं तोंड करून बघताय, म्हणजे कळप प्रकाशाच्या उलट, तर प्रत्येक पाठीवर उजळ रेघ हवीच. ती वाळल्यावर पांढऱ्या गवाशमध्ये चिमूटभर यलो ऑकर घालून बारीक ब्रशनं मारा. पाच मिनिटांचं काम.

काव आणि नीळ (सातारा)

रेघोट्या, गवाश अपारदर्शक असतो. पारदर्शक वॉशमधून प्रकाश कागदावर आपटून परत येतो, गवाशवरून वरच्यावर परततो. दोन्ही शेजारी आले की गवाशची रेघ खडूसारखी वेगळी पडते. पाच-सहा ठिकाणी चालून जाते, पण चाळीस पाठींवर मारली तर सगळा कळप गोठलेला दिसतो. त्यापेक्षा पाठ टाकताना वरचा एक मिलिमीटर कागद तसाच सोडा. तिथं पहिल्या वॉशचा पिवळसर रंग आहेच, तोच प्रकाश. सगळ्या पाठींना नको, दर तीन-चारांमागं एक.

रेघोट्या

एक मिलिमीटर सोडायला हात स्थिर हवा, आणि पट्टा ओला असताना रंग त्या फटीत पसरतोच की. मास्किंग फ्लुइड (कागद झाकणारं, नंतर सोलून काढायचं रबरी द्रावण) लावणं जास्त खात्रीचं.

काव आणि नीळ (सातारा)

पसरणं हा मुद्दा बरोबर आहे. म्हणून पट्टा ओला करताना पाठीची वरची कड कोरडी ठेवायची, फक्त पोटाखालचा भाग ओला. वर कडा धारदार, खाली विरलेली. मास्किंग फ्लुइडला माझा विरोध इतकाच की आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ते कागदावर दोन-तीन दिवस राहिलं तर रबर चिवट होतं आणि निघताना कागदाची साल घेऊन येतं. लावलंत तर त्याच दिवशी काढा, हेअर ड्रायरची गरम हवा त्यावर मारू नका आणि चांगला ब्रश त्यात बुडवू नका. बांबूची काडी टोकदार करून तिनं लावा.

पाणवठा

पिवळ्या क्षितिजावर निळं आकाश आलं की मध्ये हिरवा पट्टा होतो. तो कसा टाळायचा?

काव आणि नीळ (सातारा)

निळा आणि पिवळा निवडताना. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू किंवा थॅलो ब्लू हे दोन्ही हिरव्याकडं झुकलेले, त्यांचा हिरवा होणारच. रॉ सिएन्ना मातीचा रंग, त्यात तांबूसपणा आहे. कोबाल्ट किंवा अल्ट्रामरीनबरोबर तो राखाडीकडं जातो. तरीही धास्ती असेल तर दोहोंच्या मध्ये अगदी फिकट गुलाबी, क्विनॅक्रिडोन रोजचा, बोटभर पट्टा ओल्यातच ठेवा. उन्हाळ्यातलं धुळीचं आकाश तसंही क्षितिजाजवळ किंचित तांबूस असतं.

प्रशियन आणि थॅलो टाळण्याचं दुसरं कारण: ते कागदाच्या तंतूंना रंगवून टाकतात, ओल्या ब्रशनं उचलले जात नाहीत. अल्ट्रामरीन, कोबाल्ट, सिएन्ना, ऑकर उचलता येतात. धुळीच्या चित्रात उचलण्याचं काम फार असतं.

ट्यूबच्या मागं बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो तो वाचत जा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी २८ कोबाल्ट. नुसत्या नावावर गेलात तर ‘कोबाल्ट ह्यू’ नावाखाली दोन-तीन स्वस्त रंगांचं मिश्रण पदरात पडतं. आणि पीआर ८३, म्हणजे जुनं अलिझरिन क्रिम्सन, घेऊ नका. फिकट वॉशमध्ये ते प्रकाशानं उडून जातं.

हातकागद

इतकी चर्चा झाली, कागद ओला किती वेळ राहतो यावर कुणीच बोललं नाही. सांगलीत एप्रिल-मे महिन्यात दुपारी हे चित्र करायला बसलात तर ‘चकाकी मावळण्याचा क्षण’ यायच्या आधीच गेलेला असतो. कोरड्या हवेत वरून ओला केलेला कागद दोन-तीन मिनिटांत सुकायला लागतो, आणि तोही सगळीकडं सारखा नाही, कडेनं आधी.

उपाय: टेप लावायच्या आधी कागद दोन्ही बाजूंनी पाण्यात भिजवा, पाच-सात मिनिटं. ॲक्रिलिकच्या किंवा काचेच्या सपाट तक्त्यावर पसरा, खालची हवा हातानं काढून टाका, वरचं जादा पाणी सुती फडक्यानं टिपा. खालून ओल पुरत राहते, पंख्याशिवाय वीस मिनिटं तरी काम करता येतं. सकाळी आठच्या आत बसा. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब घालतात काही जण, पण जास्त झालं तर रंग चिकट राहतो आणि वर बसलेली धूळ निघत नाही. चित्रातली धूळ पुरे आहे.

ब्राऊन गम टेपनं ताणून बसवणार असाल तर भिजवलेला कागद टेप लावून आडवा ठेवूनच वाळवा. उभा ठेवलात तर पाणी खालच्या कडेला उतरतं, तिथला गोंद सुटतो आणि कागद एका बाजूनं फुगतो.

साताऱ्यात पावसाळ्यात बरोबर उलटं. वॉश तासभर वाळत नाही, अर्धवट वाळलेल्यावर दुसरा थर गेला की चिखल. ड्रायर फूटभर लांबून, हलता ठेवून मारा. एकाच जागी धरला तर रंगद्रव्य सरकतं. दमट कपाटात ठेवलेल्या कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) मरतं: वॉश टाकला की मध्येच गडद ठिपके उठतात, टीपकागदावर टाकल्यासारखे. त्याला इलाज नाही. तो कागद पेस्टल किंवा कोळशाला वापरा. नवा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून, भिंतीपासून लांब ठेवा.

माणगंगा (आटपाडी)

पाण्याचंही सांगा. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. गडद वॉश वाळला की त्यावर पांढुरकी झाक येते. पिण्याचं फिल्टरचं पाणीच वापरावं.

हातकागद

बरोबर, आणि भिजवायलाही तेच. दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक फक्त रंगात घालायला.

रानवारा

विषय थोडा बाजूला नेतेय. शेवटाऐवजी शेकूच्या बायकोचा प्रसंग का नाही? एका बैलाच्या जोडीला ती स्वतः जू ओढते तो. चित्र म्हणून किती ताकदीचा!

कुंचला (वाई)

ताकदीचा आहेच, पण तो आकृतीचा प्रसंग आहे. सगळा भार शरीरावर: खांद्यावरचं जू, पुढं झुकलेली पाठ, मागच्या पायाचा रेटा. रानवारा ताईंनी घ्यायचा ठरवला तर आधी कुणाला तरी प्रत्यक्ष वजन ओढायला लावून स्केचेस करावी लागतील. ओढणाऱ्याचं डोकं पायांच्या पुढं जातं, तोल टाचेवर नसून चवड्यावर येतो, मागचा गुडघा जवळजवळ सरळ होतो. आणि बैल बाईपेक्षा उंच आणि जड, म्हणजे जू तिच्या बाजूला तिरकं होणार. ते आडवं सरळ काढलं तर प्रसंग खोटा पडतो. इथं जलरंग दुय्यम, रेखाटन मुख्य. कृष्णाकाठ यांचा विषय निसर्गचित्राचा आहे, तिथं जलरंगच सगळं करतो.

अजिंक्यतारा

अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट बघून त्यातलं एखादं दृश्य संदर्भाला घेतलं तर?

कुंचला (वाई)

कृपा करून नको. चौकट कुठं कापायची, सूर्य कुठं ठेवायचा हे निर्णय कॅमेरामननं आधीच घेतलेत. तुम्ही रंगवाल ते त्याचं चित्र. पुस्तक वाचा, बंद करा, दोन बाय तीन इंचाच्या चौकटीत सहा-सात लघुचित्रं काढा, फक्त तीन छटांत: कोरा कागद, मधला करडा, काळा. मऊ पेन्सिल पुरे. जे लघुचित्र हातभर लांबून ओळखू येतं तेच मोठं करा.

औंधकर

या विषयावर काम करणाऱ्यानं एकदा औंधचं श्रीभवानी संग्रहालय बघून यावं. खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगरावर. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं. राजा रविवर्मा, म. वि. धुरंधर यांची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडी शिल्पसुद्धा आहे. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते आणि कादंबरीत तालमीच्या निमित्तानं वाडीत येतात ते औंधचे राजेच. माडगूळकरही चित्रं काढत. त्यांच्या गद्यातली माणसं थोड्या रेघांत उभी राहतात यात मला तरी नवल वाटत नाही.

पाणवठा

या चित्राच्या प्रिंट काढून विकायच्या झाल्या तर परवानगी लागते का?

औंधकर

प्रसंगावरून स्वतःच्या कल्पनेनं चित्र काढणं वेगळं आणि पुस्तकातलं वाक्य चित्राखाली छापणं वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनहक्क चालू राहतो. माडगूळकर २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. मजकूर छापायचा असेल तर हक्कदारांना आणि प्रकाशकाला विचारा. मुखपृष्ठावरची किंवा आतली चित्रं नक्कल करू नका, त्या चित्रकाराचा हक्क निराळा असतो.

मेंढका (जत)

लोकरीवरून निघालेला धागा, लांबणारच! पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे: क्षितिज वर की खाली?

कुंचला (वाई)

वर. माझं मत टेकाडावरून बघण्याचं. कारण या प्रसंगात बघण्यासारखी गोष्ट आहे ती वाडी आणि कळप यांच्यातलं अंतर. माळावर उभं राहून बघितलं तर कळप हा आडवा काळा पट्टा होतो आणि मधला माळ दाबला जाऊन जेमतेम अर्धा इंच उरतो. टेकाडावरून तेच अंतर तीन-चार इंच मिळतं.

क्षितिज तळापासून ८ इंचांवर. घरं डावीकडं, ७ इंचांच्या आसपास, फिकट, सपाट माथ्याची, दारांचे दोन-तीन गडद ठिपके. कळप खालच्या उजव्या कोपऱ्याकडं निघालेला, पण कोपऱ्यात घुसू देऊ नका, कडेपासून दीड इंच आधी थांबवा. माणसाचे पाय ४ इंचांवर असतील तर माणूस एक इंच उंच. चेहऱ्याचा प्रश्नच मिटला. सूर्य समोरून उजवीकडं, खाली. म्हणजे सावल्या आपल्याकडं आणि डावीकडं, वाडीच्या बाजूला लांब पडतात.

सावली प्रत्येक मेंढराची सुटी काढू नका. अल्ट्रामरीन, थोडा क्विनॅक्रिडोन रोज, थोडा बर्न्ट सिएन्ना, मध्यम पातळ, एकाच ओघळात सगळ्या सावल्या जोडून टाका. मध्ये माळाचे दोन-चार तुकडे सुटू द्या.

माणगंगा (आटपाडी)

याला पूर्ण अनुमोदन, फक्त मधला माळ मोकळा ठेवा. तिथं झुडपं, दगड, पक्षी भरायचा मोह होतो. ड्राय ब्रशनं, म्हणजे जेमतेम ओल्या ब्रशनं, मुरमाचा खरखरीतपणा एकदाच, ब्रश आडवा झोपवून, बर्न्ट सिएन्नानं. तोही पुढच्या दोन इंचांत. डहाळी तोडलेली ती एक बाभूळ डावीकडं पुढं घ्या, क्षितिजाला छेदून वर जाणारी, म्हणजे पुढचं-मागचं अंतर लगेच कळतं.

रेघोट्या

एक लाल ठिपका मागतो. एखाद्याच्या डोक्याचा पटका. एवढ्या मातकट चित्रात तेवढा हवाच.

काव आणि नीळ (सातारा)

हवा, पण कॅडमियम रेड सरळ ट्यूबमधून नको. त्यात किंचित बर्न्ट सिएन्ना घाला, आणि ठिपका कळपाच्या पुढच्या माणसाला न देता मागून तिसऱ्या-चौथ्याला द्या. पुढच्याला दिलात तर नजर चित्राबाहेर जाते. मागच्याला दिलात तर तिथून घरांकडं वळते.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. भेगा काढल्या, टेकाड घेतलं, मेंढरं काळी. कुंचला यांच्या मापांनी लघुचित्रं करून घेतो. रेघोट्या यांचा लाल पटका मागून तिसऱ्या माणसाला देणार. एकच शंका उरली: हातकागद यांच्या पद्धतीनं दोन्ही बाजूंनी भिजवलेला कागद घेतला तर पहिला वॉश वाळल्यावर कळपाचा पट्टा पुन्हा ओला करताना खालचा रॉ सिएन्ना उठणार नाही का?

हातकागद

घासलात तर उठेल. पहिला वॉश पूर्ण वाळलाय याची खात्री करा: हाताची मागची बाजू कागदाला लावा, गार लागला तर अजून ओल आहे. मग मऊ, रुंद ब्रशनं एकदाच, डावीकडून उजवीकडं, दाब न देता पाणी फिरवा. त्याच जागेवरून परत जायचं नाही. त्याहून सुरक्षित हवं असेल तर स्प्रेच्या बाटलीनं फूटभर अंतरावरून बारीक तुषार मारा, आकाशाच्या भागावर कोरा कागद झाकून. रॉ सिएन्ना थोडा हलला तरी बिघडत नाही, तो धुळीतच मिसळणार आहे. आकाशाचा कोबाल्ट मात्र हलू देऊ नका.